पढतमूर्खांच्या बाजूने

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं दिली आहेत आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खांना स्वतंत्र समास दिला आहे. ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या गतिशास्त्रात पीएच.डी. करायला निघालेल्या मुलामुलींची गणना नातेवाईक याच समासात करतात. करू देत. हा मूर्खपणा आहे हे मलाही मान्य आहे. फक्त तो मोठ्या योग्यतेचा आहे आणि समाजाने खर्च सोसून तो जपावा, असं माझं मत आहे.

आधी व्यवहार पाहू. 2023पासून कनिष्ठ संशोधकाला दरमहा 37,000 रुपये फेलोशिप मिळते, पुढे 42,000. बरोबरीची मुलं हिंजवडीत फ्लॅटचे हप्ते भरू लागतात तेव्हा हा प्राणी वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवत असतो. पाच-सहा वर्षांनी पदवी, मग पोस्टडॉक, दर दोन-तीन वर्षांनी नवा देश आणि कायमच्या नोकरीची हमी कुठेच नाही. ज्या गतीचा अभ्यास करायचा, ती डोळ्यांना दिसण्याचीही सोय नाही. सूर्य सेकंदाला सुमारे 220 ते 230 किलोमीटर वेगाने आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो, तरी एका फेरीला वीस-बावीस कोटी वर्षं लागतात. प्रबंध पुरा होईपर्यंत त्या फेरीचा चार कोटींवा हिस्सा जेमतेम सरतो.

दिसत नाही, म्हणून गणित करायचं. तिथेही अडचण आहेच. दोन गोळे एकमेकांना ओढत असतील तर न्यूटनचं उत्तर कायमचं पुरतं. तिसरा आला की असं सर्वसाधारण सूत्र हाती लागत नाही. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त 1889 साली या प्रश्नावरच्या निबंधासाठी आंरी पॉइन्कारे यांना 2,500 क्रोनरचं बक्षीस मिळालं. छपाईच्या वेळी संपादनातल्या तरुण गणितज्ञाने शंका काढल्या, त्यांचा शोध घेताना पॉइन्कारेंना आपल्याच निबंधात मोठी चूक सापडली. छापलेल्या प्रती परत मागवाव्या लागल्या आणि नव्या छपाईचे साडेतीन हजारांहून अधिक क्रोनर त्यांनी पदरचे भरले. 1890 साली आलेल्या त्या दुरुस्त निबंधात आज ज्याला केऑस म्हणतात, म्हणजे सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पुढचं सगळंच बदलणं, त्याचं बीज आहे. बक्षिसापेक्षा जास्त पैसे भरून सत्य छापून घेणाऱ्या माणसाला व्यवहारी जगात वेडाच म्हणतील. मला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

संगणक नव्हते तेव्हाही हे वेड थांबलं नाही. 1941 साली स्वीडनमधल्याच एरिक होल्मबर्ग यांनी दोन दीर्घिका जवळ आल्या तर काय होतं ते पाहायला विजेचे दिवे मांडले, प्रत्येक दीर्घिकेला 37. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश कमी होतो, गुरुत्वाकर्षणही तसंच कमी होतं. म्हणून प्रत्येक ठिकाणचा प्रकाश फोटोसेलने मोजायचा, त्यावरून ओढ काढायची, दिवे तेवढे सरकवायचे आणि पुन्हा मोजायचं. 74 दिवे, हाताने!

आजचा विद्यार्थी हेच संगणकात कोट्यवधी कणांवर करतो. जॉब दोन दिवस क्यूमध्ये पडून राहतो, चालतो, आणि सकाळी कळतं की एकूण ऊर्जा कायम राहिलेली नाही. म्हणजे कुठे तरी गणित निसर्गापासून भरकटलं. काळाचा टप्पा मोठा घेतला का? दोन कण फार जवळ आले का? महिने यात जातात, आणि प्रबंधात त्या महिन्यांचं एक वाक्य होतं.

आणि एवढं कशासाठी? 2009 साली जाक लास्कार आणि त्यांचे सहकारी मिकाएल गास्तिनो यांनी सूर्यमालेचं पुढच्या पाचशे कोटी वर्षांचं भविष्य 2,501 वेळा मांडलं. दर वेळी बुधाच्या कक्षेत मिलिमीटरहूनही कमी फरक. सुमारे एक टक्का वेळा बुधाची कक्षा भलतीच लांबट झाली. देवयानी दीर्घिका आपल्यावर आदळणार हे 2012 साली जवळपास निश्चित मानलं गेलं होतं. 2025 साली नव्या गणिताने पुढच्या हजार कोटी वर्षांत ती शक्यता निम्म्यावर आणली. यात कुणाचा शेअर वधारत नाही, कुणाची सत्ता जात नाही. तरीही माणसं आपलं ठाम उत्तर मागे घेतात आणि अनिश्चितता मोजून लिहितात. हा प्रामाणिकपणा ज्याला जडतो त्याने तो कुठल्याही कामाला न्यावा. मी तर म्हणेन, एवढ्याचसाठी ही फेलोशिप द्यावी.

आपल्याकडे या वेडाला छप्पर आहे. जयंत नारळीकरांनी 1988 साली पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी केली. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. अशा दुर्बिणींतून दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचा वेग मोजतात. तो वेग दीर्घिकेच्या कडेला कमी व्हायला हवा, पण होत नाही. दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वस्तुमान तिथे असलं पाहिजे. ते काय आहे, कुणालाच ठाऊक नाही.

घरात असं कुणी असेल तर सणावाराला सगळ्यांदेखत 'पुढे काय?' विचारू नका. ऊर्जा टिकली का, ते विचारा. टिकली असेल तर पेढे आणा.