तिथीला पाऊणने गुणा

आमच्याकडे कामाची वाटणी सरळ आहे. मुलगी पाण्यातून वल्हवत जाते आणि मी काठावरून पळत जातो. तरीही इंग्लंडमधली डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही १२५ मैलांची कयाक शर्यत ‘आम्ही’ केली, असंच मी सगळ्यांना सांगतो. समोरचा माणूस माझ्या पोटाकडे बघून विषय बदलतो, पण तोवर माझे रेडिंगपर्यंतचे ५४ मैल सांगून झालेले असतात.

ती नुसती वल्हवते, हेही खरं नाही. या शर्यतीला तिथली मंडळी डीडब्ल्यू म्हणतात. आधी केनेट अँड एव्हन कालवा, रेडिंगपासून थेम्स, आणि टेडिंग्टनच्या पुढे शेवटचे १७ मैल भरती-ओहोटीची थेम्स. वाटेत ठिकठिकाणी लॉक, म्हणजे पाणी अडवणारे दरवाजे. तिथे बोटीतल्या दोघींनी उतरायचं, साडेसहा मीटर लांबीची बोट खांद्यावर घ्यायची, लॉकला वळसा घालून पळायचं, पलीकडे बोट पाण्यात टाकायची आणि न उलटता पुन्हा बसायचं. याला पोर्टेज म्हणतात आणि अशी पोर्टेज ७७ आहेत. पहिल्या १५ मैलांत एकही नाही. तेवढ्या वेळात प्रत्येकाला वाटून घेता येतं की आपल्याला हे जमणार. मग वुटन रिव्हर्सचं लॉक येतं.

ब्रायन ग्रीनहॅम आणि टिम कॉर्निश या जोडीने १९७९ साली हे सगळं १५ तास ३४ मिनिटांत उरकलं. आमच्या जोडीने चोवीस तास धरले होते. मुलगी आणि तिच्या ऑफिसातली मैत्रीण, दोघी नोकरी करून, हिवाळाभर पहाटे गारठलेल्या कालव्यात सराव करून उतरलेल्या. मुळात ही शर्यत १९४८ च्या ईस्टरला एका पैजेतून सुरू झाली. डिव्हायझेसच्या रोव्हर स्काउट पोरांना कोणीतरी सांगितलं, १०० तासांच्या आत वेस्टमिन्स्टर गाठा, आणि खाण्यापिण्याचं, मुक्कामाचं सामान बोटीतूनच न्या. पोरांनी करून दाखवलं. त्या बोटींच्या मागे काठावरून कोणाचे वडील पळत नव्हते, ही त्या यशामागची बाजू कोणी फारशी लिहीत नाही.

आता मात्र काठावर घरची माणसं असतात. त्यांना सपोर्ट क्रू म्हणतात. हा हुद्दा मिळाल्याबरोबर मी भरपूर खिशांचं एक भगवं जाकीट घेतलं. माझ्या समजुतीप्रमाणे हे पद मार्गदर्शकाचं होतं. प्रत्यक्षात ते केळी सोलणाऱ्याचं निघालं. गाडी मैत्रिणीची आई चालवत होती, कारण तिला गल्ल्या माहीत होत्या. भात माझ्या बायकोने केला होता, कारण तिला भात करता येतो. माझ्याकडे टॉर्च होता.

तरी मी मार्गदर्शन सोडलं नाही. बोट दिसली की ओरडायचो, “कंबरेतून फिरव!” हे मी व्हिडिओ बघून शिकलो होतो आणि ते चूक नाही. कयाकचं वल्हं नुसत्या हाताने ओढलं तर दंड पहिल्या तासातच भरून येतात. कंबरेपासून सगळं धड फिरवावं लागतं. पण सकाळपासून धड फिरवत असलेल्या बाईला, केळं खात उभ्या असलेल्या माणसाने हे ओरडून सांगावं का, हा वेगळा प्रश्न आहे. न्यूबरीच्या पुढे मुलीने त्याचं उत्तर दिलं. ते मी इथे देत नाही.

आता भरतीबद्दल. इथे मी जरा ऐसपैस बसणार आहे, कारण या शर्यतीत माझं म्हणावं असं एवढंच आहे.

डीडब्ल्यूची गंमत अशी की जोड्यांच्या शर्यतीत कधी निघायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. शनिवारी निघून रात्रभर वल्हवायचं आणि रविवारी सकाळी टेडिंग्टनला अशा वेळी पोचायचं की भरती संपून पाणी लंडनकडे उतरू लागलं पाहिजे. लवकर पोचलात तर समुद्र समोरून येतो. फार उशिरा पोचलात तर पुढे सोडतच नाहीत. म्हणजे लग्नासारखंच: मुहूर्त आधी धरायचा आणि वऱ्हाडाने घरून कधी निघायचं ते त्यावरून उलटं मोजत यायचं. आणि मुहूर्ताचा विषय निघाला की इंग्लंडमध्ये माझ्याइतका लायक माणूस मिळणं कठीण.

माझे आजोबा कोकणातल्या खाडीकाठचे. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, पण तिथी तोंडपाठ असायची. तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या सुमारास. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग येते, म्हणून हा पाऊण. पौर्णिमा-अमावास्येचं पाणी उंच चढतं ते उधाण, अष्टमीच्या सुमाराचं मरगळलेलं ते भांग. एवढ्या भांडवलावर गावाने पिढ्यान्‌पिढ्या होड्या आत-बाहेर केल्या.

आता ईस्टर बघा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार, हा ईस्टर. ती पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली हनुमान जयंतीची असते, एखाद्या वर्षी होळीची. म्हणजे पाद्रीबुवा आणि आमचे गुरुजी एकाच चंद्राकडे बघून सुट्ट्या ठरवतात, आणि ईस्टरचा रविवार जवळजवळ नेहमीच वद्य पक्षाच्या पहिल्या आठवड्यात पडतो. पंचांग हाताशी असलं की थेम्स खिशात! फक्त प्रत्येक बंदराचा स्वतःचा उशीर असतो, तो मिळवायचा. लंडन ब्रिजला पौर्णिमेची भरती बाराला नाही, दोन-तीनच्या सुमारास येते. तिथून वर टेडिंग्टनला पोचायला पाण्याला आणखी तासभर लागतो.

त्या वर्षी शर्यतीच्या शनिवारी संकष्टी होती. चार पाऊणे तीन. लंडनचा उशीर अडीच, टेडिंग्टनचा एक. रविवारी पहाटेपर्यंत पंचमी लागलेली, तिची थोडी भर. मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, “टेडिंग्टनला पूर्ण भरती सकाळी सातच्या आसपास.”

मुलीने फोन माझ्यासमोर धरला. पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा तक्ता. दहा-बारा मिनिटांचा फरक.

“बाबा, हे ते आधीच छापून ठेवतात.”

“म्हणजे त्यांचं बरोबर आहे,” मी म्हणालो.

पण संकष्टीला दुसरी बाजू होती, ती माझ्या गणितात नव्हती. माझ्या बायकोचा उपास होता. पुण्यात संकष्टीचा चंद्र रात्री साडेनऊ-दहापर्यंत दिसतो. वसंतातल्या इंग्लंडमध्ये तो मध्यरात्र उलटली तरी उगवायला तयार नसतो आणि उगवला तरी ढगात राहतो. त्यामुळे हेन्लीला, मार्लोला, मेडनहेडला ही बाई थंडीत कुडकुडत गरम मेतकूट-तूप-भाताचा डबा उघडून दोन तरुण पोरींना चमच्याने भरवत होती आणि स्वतः पाणी पीत होती. मैत्रिणीची आई तिला दर लॉकवर सँडविच देऊ करायची. चंद्र उगवल्याशिवाय खात नाही, हे तिला पटवताना माझ्या इंग्रजीचा कस लागला. शेवटी तिनेही आपलं सँडविच परत कागदात गुंडाळून ठेवलं.

ओल्ड विंडसरला पोचल्या तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील. मुलगी बोटीतून उतरली आणि तिला उभं राहता येईना. वल्ह्याच्या दांड्यावर मिटलेली बोटं उघडत नव्हती. हनुवटी थरथरत होती. टॉर्चच्या उजेडात तिने माझ्याकडे बघितलं, पण मला ओळखून बघितलं असं नाही वाटलं. सपोर्ट क्रूचा एक नियम असतो: कसं वाटतंय, हे विचारायचं नाही, कारण त्याचं खरं उत्तर ‘घरी चला’ हेच असतं. मला नियम माहीत होता. तरी “पुरे गं बाळा” हे माझ्या ओठांवर आलं होतं.

“अहो, बोलू नका काही,” ही म्हणाली. “भरवा.”

मी भरवलं. चार चमचे भात गेला. मग त्या दोघींनी बोट उचलली आणि अंधारात पळत गेल्या. मी टॉर्च धरून तसाच उभा. उजेड कुठे पाडायचा ते मला सुचेना.

नेमका तेव्हा पुण्याहून मेव्हण्याचा फोन. तिकडे सकाळचा चहा चालला होता. “काय, कितव्या नंबरवर आहे आमची भाची?”

मला इतका राग क्वचित येतो. जो तो आपापल्या वेळेला निघालेला; पुढे दिसणारी बोट मागची असू शकते, आणि सगळ्यात आधी पोचलेली जोडी यादीत शेवटची असू शकते. काठावर उभ्या माणसाला नंबर कळतच नाही. पण राग त्याचा नव्हता. पोरीने नवं काही करायला घेतलं की आमच्या घराण्यात दोनच प्रश्न विचारले जातात: नंबर कितवा आणि बक्षीस किती. हात उघडत नसताना एखादी मुलगी परत पाण्यात का जाते, हे कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं, हे खरं. पण विचारायला हवं होतं.

टेडिंग्टनला त्या सव्वासातला आल्या. पाणी उतरणीला नुकतंच लागलं होतं. मी घड्याळ पुढे करून सगळ्यांना दाखवलं. कोणी बघितलं नाही. तिथून पुढे ना पोर्टेज, ना चमचा. शेवटचे १७ मैल नदीच त्यांना ओढून नेणार होती, आणि आम्हाला वॉटर्लूची गाडी. वेस्टमिन्स्टर पुलाजवळच्या पायऱ्यांवर दोघींना धरून वर आणलं, तेव्हा मुलीने आईला पहिला प्रश्न विचारला, “चंद्र दिसला का?”

दिसला नव्हता. मग तिथेच, पार्लमेंटच्या समोर, सूर्याला साक्षी ठेवून हिने उपास सोडला. कागदातल्या त्या सँडविचवर.

पुन्हा मेव्हण्याचा फोन. “अरे, नंबर तरी सांग.”

“सत्त्याहत्तर,” मी म्हणालो. पोर्टेज तेवढीच होती.

तिकडे जरा वेळ शांतता. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “असू दे, असू दे. भाग घेणं महत्त्वाचं.”

“हो ना,” मी म्हणालो, आणि त्याला भरतीचा हिशोब पहिल्या तिथीपासून सांगायला घेतला. शिक्षा म्हणून.