राजाची दोरी, म्हणे!

“माई, ह्यांची ही नवी पँट बघा. कापड-दुकानदार म्हणाला, कॉर्डरॉय म्हणजे फ्रान्सच्या राजाचं कापड! ‘कॉर्द द्यु रुआ’, राजाची दोरी. मीटरमागे पन्नास रुपये जास्तच लावले मेल्यानं.”

“ते पन्नास राजाला पोचले का, विचारायचंस! अगं, फ्रेंच माणसं ह्याला असं म्हणतच नाहीत. ती म्हणतात ‘वलूर कोतले’, म्हणजे रेघारेघांची मखमल. उलट १८०७ च्या एका यादीत फ्रान्समधल्या साँस गावी होणाऱ्या मालात ‘किंग्ज-कॉर्ड्‌स’ असं चक्क इंग्रजी वळणाचं नाव आहे. राजाच्या घरचं कापड असतं तर नाव शेजारून उसनं आणलं असतं का?”

“मग ही आवई उठवली कोणी?”

“माल खपवणाऱ्यांनीच, दुसरं कोण! इंग्लंडात ‘ड्युरॉय’ नावाचं जाडंभरडं लोकरी कापड होतं, त्याच्याशी काहीजण सोयरीक जुळवतात. तीही पक्की नाही. कापड मात्र मँचेस्टरकडचं. जर्मन लोक तर त्याला ‘मँचेस्टर’च म्हणत. आणि घालायचं कोण? मजूर, शेतावरचे गडी.”

“ह्या रेघा विणतानाच येतात ना?”

“छे गं, खरी मेहनत तिथेच! बाण्याचे जादा धागे सैल ठेवून विणायचं. मग कापड लांबलचक मेजावर ताणायचं आणि पातळ सुरी एकेका ओळीत खुपसून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. एक ओळ कापून झाली की दुसरी. इंग्लंडातल्या चेशरमध्ये बायका-पोरी हेच करायच्या, खोलीतल्या खोलीत मैलोन् मैल! नंतर घासलं की कापल्या धाग्यांची लव उभी राहते. साध्या कॉर्डरॉयला इंचाला अकराएक रेघा असतात. ह्या पँटीच्या मोज, किती फेऱ्या झाल्या असत्या बघ. पुढे यंत्रं आली म्हणून सुटल्या बिचाऱ्या.”

“अगंबाई! पण माई, हा पाय जरा काळपट नाही दिसत?”

“बघू. हात फिरव वरून खाली. हा गुळगुळीत आणि हा खरखरीत, होय ना? लव एकाच दिशेला ठेवायची तर कापड जास्त लागतं. शिंप्यानं एक पाय उलटा बेतलाय, आणि उरलेलं कापड ठेवलंय स्वतःकडे!”

“आता हो?”

“आता इस्त्री तेवढी आतल्या बाजूनं कर, नाहीतर लव चेपेल. आणि संध्याकाळी त्याच्याकडे जाशील तेव्हा मला हाक मार. मी येते बरोबर.”