बिनपगारी पराक्रम

व्हिडिओ गेममधील ‘अचीव्हमेंट’ म्हणजे नेमून दिलेली कामगिरी खेळाडूने पार पाडताच पडद्यावर झळकणारी आणि त्याच्या खात्यावर कायमची जमा होणारी शाबासकी होय. तिच्यामुळे खेळाचा आनंद वाढतो की घटतो, हा प्रश्न पोरकट वाटला, तरी तिच्यापायी कर्त्यासवरत्या माणसांनी इतकी झोप खर्ची घातली आहे, की त्याची गंभीरपणे दखल घेणे भाग पडते.

या शाबासकीला पूर्वी निदान टपालखर्च तरी पडत असे. १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘पिटफॉल’मध्ये २०,००० गुण मिळवून टीव्हीच्या पडद्याचा फोटो पाठवणाऱ्याला ॲक्टिव्हिजन ही अमेरिकी कंपनी कापडी बिल्ला पाठवी. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० ने बिल्लाही वगळला आणि ‘गेमरस्कोअर’ हा एकच आकडा ठेवला, ज्यात साऱ्या गेममधले गुण साठत जातात आणि ज्याच्या मोबदल्यात कटिंग चहाही मिळत नाही. तरीही ‘अवतार: द बर्निंग अर्थ’ या गेममध्ये सुरुवातीलाच सलग फटके मारत राहिले की पुरते १,००० गुण काही मिनिटांत पदरात पडतात, हे कळताच गोष्टीशी काडीचे देणेघेणे नसलेले लोक तो शोधू लागले; उलट ‘डेड रायझिंग’ने एका कामगिरीसाठी ५३,५९४ झॉम्बी मारायला सांगितले, तेव्हा तेही मुकाट्याने मारले गेले.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की आवडीने चित्रे काढणाऱ्या मुलांना आधीच प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवले, तर पुढे मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी वळतात. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकते. बालवाडीवरून प्रौढांची परीक्षा करू नये हा आक्षेप रास्त आहे, परंतु पहाटे तीन वाजता झॉम्बी मोजत बसलेल्या प्रौढाने तो घेऊ नये.

असे असले, तरी सरसकट निषेध अन्यायाचा ठरेल. ‘हाफ-लाइफ २: एपिसोड टू’मध्ये (२००७) आरंभी बागेतला शोभेचा एक बुटका पुतळा सापडतो, आणि तो शेवटच्या रॉकेटपर्यंत सांभाळून नेणे ही एक अचीव्हमेंट आहे. पुतळा हाती असताना बंदूक चालवता येत नाही, गाडीत ठेवला तर तो वळणावर बाहेर पडतो, आणि मानवजातीला वाचवायला निघालेला नायक मग गाडी थांबवून गवतात बुटका शोधत फिरतो. ही गंमत नुसत्या कथेतून खेळाडूला कधीच सुचली नसती. येथे पदक श्रमाची मजुरी देत नाही, तर नवा खेळच काढून देते, आणि आनंदात खरी भर पडते ती अशाच ठिकाणी.

‘द स्टॅन्ली पॅरेबल’ने (२०१३) तर पाच वर्षे तो गेम न खेळण्याबद्दल अचीव्हमेंट ठेवली, तेव्हा अनेक खेळाडूंनी संगणकाचे घड्याळ पाच वर्षे पुढे सरकवले आणि तो संयम चहा निवायच्या आत पूर्ण केला.