किलोवॅटकाका

दोन माणसांच्या घरात बारा लिटरचा कुकर असलेलं घर आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एकच आहे. त्या घरात सगळंच असं. इन्व्हर्टरवर निम्मी बिल्डिंग चालेल. छत्री उघडली की काकांच्या आजूबाजूचे दोन अनोळखी लोकही कोरडे राहतात. "असू द्यावं, कधी लागलं तर!" हे काकांचं म्हणणं. ते 'कधी' अजून उजाडायचं आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर २०२० साली त्यांनी नेक्सॉन ईव्ही घेतली आणि सोसायटीने त्यांचं नाव किलोवॅटकाका ठेवलं. अर्थात पाठीमागे.

पहिलं वर्ष सुखात गेलं. रात्री पार्किंगमधल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावायची आणि सकाळी काढायची. मग एकदा मुंबईला जाताना एक्स्प्रेसवेवर गाडी डीसी चार्जरला लागली. वडापाव, चहा आणि वडापाव महाग झाल्याची चर्चा उरकेपर्यंत, म्हणजे तासाभरात, बॅटरी ८० टक्के! तीच बॅटरी घरी रिकामीची भरायला नऊ तास घेते. काकांनी हे मनाला लावून घेतलं. "आपल्या घरची वीज काय पातळ आहे?"

झालं. सिंगल फेजचं थ्री फेज करायचा अर्ज, मंजूर भार वाढवायचा अर्ज, सोसायटीची ना हरकत. सर्वसाधारण सभेत काकांनी चाळीस मिनिटं भाषण केलं. पार्किंगच्या भिंतीवर २२ किलोवॅटची पेटी बसली, तिला बोटभर जाडीची केबल आली. वायरमन काम करता करता दोनदा म्हणाला, "काका, गाडी एवढं घ्यायची नाही." काका दोन्ही वेळा त्याला विजेचा इतिहास सांगत होते.

उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले गेले. काकांनी प्लग खोचला. पेटीच्या पडद्यावर आकडा चढला आणि ३.३ वर येऊन बसला. काकांनी प्लग काढून पुन्हा खोचला. ३.३. पंच्याने पुसून खोचला. ३.३. आम्ही पेढ्यांकडे बघत राहिलो.

वायरमनला बोलावणं गेलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, ही पेटी म्हणजे चार्जर नाहीच. हा नुसता शहाणा स्विच. चार्जर गाडीच्या पोटात आहे, त्याला म्हणतात ऑनबोर्ड चार्जर. बॅटरीला लागते डीसी, घरात येते एसी. ती बदलणारं यंत्र गाडीत बसवलेलं असतं, आणि तुमचं ३.३ किलोवॅटचं आहे. नळ केवढाही लावा, घागरीचं तोंड तेवढंच."

"मग एक्स्प्रेसवेवर?"

"तिथे ते बदलायचं काम बाहेरचं कपाटाएवढं मशीन करतं आणि थेट बॅटरीत ओततं. गाडीतल्या चार्जरला विचारतच नाही."

"आणि माझे तीन फेज?"

"तुमची गाडी एकाच फेजवर घेते."

म्हणजे उरलेले दोन फेज वरातीतल्या दूरच्या मामांसारखे, फेटा बांधून नुसते हजर. बिलातला स्थिर आकार मात्र वाढला होता. काकू एवढंच म्हणाल्या, "अहो, कुकर झाला, आता हे."

दुसरा कुणी असता तर महिनाभर पार्किंगमध्ये फिरकला नसता. काकांनी मात्र आठ दिवसांत ते ज्ञान स्वतःच्या नावावर करून घेतलं. आता कुणी इलेक्ट्रिक गाडी घेतोय म्हटलं की गोत्र विचारावं तसं विचारतात, "ऑनबोर्ड किती?" ३.३ म्हटलं तर पाठीवर हात ठेवतात: "साधं सॉकेट पुरे. फक्त वायर आणि अर्थिंग तपासून घ्या." ७.२ म्हटलं तर, "सिंगल फेजवर ३२ अँपिअरची पेटी लावा, पण आधी बिलावरचा मंजूर भार बघा." ११ म्हटलं तर डोळे मिटतात आणि हळूच म्हणतात, "थ्री फेज." वायरमनही हल्ली नवीन गिऱ्हाइकांना काकांकडेच पाठवतो. सल्ला खरा असतो, हे मान्य करायलाच हवं. त्याची फी काकांनी आधीच भरलेली आहे.

गेल्या आठवड्यात काका पार्किंगमध्ये भेटले. हातात ऑनबोर्ड ११ किलोवॅट असलेल्या एका गाडीचं माहितीपत्रक होतं.

"नवीन गाडी?" मी विचारलं.

"घ्यावीच लागणार. एवढी पेटी बसवलीय, वाया कशी घालवायची?"

काकांची आत्ताची गाडी सकाळी टेकडीपर्यंत आणि संध्याकाळी मुलीकडे, अशी दिवसाला चौदा किलोमीटर चालते. त्याला लागतात साधारण दोन युनिट. जुन्या सॉकेटवर चाळीस मिनिटं, म्हणजे काकांच्या सभेतल्या भाषणाएवढी.