मनीषा, गैरहजर

सर शाळेतून निवृत्त झाले, त्यांची शिट्टी झाली नाही. सांगलीत आमच्या कॉलनीत ती अजून सकाळी सहाला वाजते आणि हातात दुधाची पिशवी घेतलेला, टक्कल पडलेला मी नकळत टाचा जुळवतो. 34 वर्षं सरांनी कवायत आणि खो-खो शिकवला. जगातला कुठलाही प्रश्न एका लांब आणि दोन आखूड शिट्ट्यांत सुटतो, असं त्यांचं मत आहे. एका लग्नात जिलबी वाढणारे आमच्या ओळीपर्यंत येईनात, तेव्हा सरांचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला आहे. काकूंनी तो वरच्यावर पकडला.

शिट्टी पितळी, आत बुचाची गोळी असलेली. अ‍ॅक्मे थंडरर म्हणतात ती. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसनने 1884 साली बाजारात आणलेला हा नमुना सर देवघरातल्या घंटीसारखा चिंचेने घासून ठेवतात.

अशा घरात गेल्या पावसाळ्यात मांजर आलं. मीटरच्या पेटीखाली भिजत बसलेलं पिल्लू काकूंनी पदरात गुंडाळून आणलं आणि मनी म्हणायला सुरुवात केली. सरांनी शंभरपानी वही काढली, वर ‘मनीषा’ असं लिहिलं. हजेरीपटावर टोपणनाव चालत नाही.

पहिल्या शिट्टीला मनीषा ओट्यावरून फ्रिजवर, फ्रिजवरून पडद्यावर आणि पडद्यासकट गव्हाच्या डब्यामागे गेली. दिवेलागणीपर्यंत बाहेर आली नाही. सरांनी वहीत नोंद केली : ‘प्रतिसाद जलद. दिशा चुकीची.’

नंतर रोज सकाळी हजेरी सुरू झाली. शिट्टी वाजे, मनीषा नाहीशी होई, वहीत ‘ग’ पडे. महिनाभरात ‘ग’ची अशी रांग लागली की शाळेत असती तर पालकांना बोलावणं गेलं असतं. पालक तिथेच बसून भाजी निवडत असत. “अहो, तिच्या कानाशी काय वाजवता ते!” एवढंच त्या म्हणत.

माझा स्वभाव मध्ये पडण्याचा. मी सरांना म्हटलं, सर, माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास आणि मांजराला 60,000 च्याही वर. उंदीर एकमेकांशी ज्या बारीक आवाजात बोलतात, तो आपल्या कानांच्या पलीकडचा असतो. मांजराचं पोटच त्या आवाजावर चालतं. तिच्या कानाची पाळी फिरवायला वीसपेक्षा जास्त स्नायू आहेत. तुमची शिट्टी तिला ऐकू येते की नाही हा प्रश्नच नाही. खोलीत तुम्ही ती वाजवता, तेव्हा तिच्या डोक्यात काय होत असेल हा प्रश्न आहे.

सरांनी यातलं नेमकं एकच उचललं. “म्हणजे ऐकू येतं आणि येत नाही. बेशिस्त.”

खरं तर हे जपानमध्येही दिसलं आहे. 2013 साली तिथल्या संशोधकांनी 20 मांजरांना अनोळखी माणसांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. मालकाचा आवाज त्यांनी ओळखला, कान हलवले, मान वळवली आणि जागेवरच बसून राहिली. हे सरांना सांगायची मला हिंमत झाली नाही. सगळ्या जातीलाच त्यांनी दंडबैठका लावल्या असत्या.

त्याऐवजी गॉल्टनची गोष्ट सांगितली आणि फसलो. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज गृहस्थाने 1876 मध्ये माणसाला ऐकू न येणारी एक शिट्टी बनवली, हातातल्या काठीच्या टोकाला बसवली आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापिंजऱ्यापाशी वाजवत फिरला. सगळ्या प्राण्यांत मांजरं सरस ठरली. सरांचे डोळे चमकले. “छडी आणि शिट्टी एकत्र! कुठल्या शाळेत होते हे?”

आठवड्याने त्यांच्याकडे कुत्र्यांसाठीची मूक शिट्टी आली. मागवली अर्थात मीच. सरांनी गाल फुगवून फुंकली. काही नाही. “वाजली?” मला काही ऐकू आलं नव्हतं. पुन्हा फुंकली. “आता?” खिडकीत पाठमोऱ्या बसलेल्या मनीषाचा फक्त डावा कान मागे वळला, एखाद्या कारकुनाने मान वर न करता ‘उद्या या’ म्हणावं तसा, आणि पुन्हा पुढे गेला. सरांनी शिट्टी सदोष म्हणून परत करायला सांगितली.

मनीषा बहिरी नव्हती, शिस्तीच्या विरोधातही नव्हती. काकू तिच्यासाठी छोट्या कुकरमध्ये वेगळं शिजवतात. त्याच्या पहिल्या शिट्टीला ती गच्चीवरून निघे, तिसऱ्या शिट्टीला ओट्याखाली हजर. साय खरवडणाऱ्या चमच्याला, सुकटीच्या पुडीच्या चुरचुरीला तिने कधी दांडी मारली नाही. शिट्टीमागे काही शिजत असलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. सरांच्या शिट्टीमागे सर सोडून काही नव्हतं.

एकदा मात्र गंमत झाली. सर झोपाळ्यावर बसून ओठांनी बारीक शीळ घालत होते, जुनं कुठलंसं भावगीत. मनीषा उठून आली, छातीवर चढली आणि सरांच्या ओठांवर पंजा ठेवला. सर थांबले. पंजा निघाला. सरांनी कडवं पुढे सुरू केलं, तेव्हा तिने हनुवटीला हलकेच दात लावले. काकू म्हणाल्या, “तिला वाटतं, तुम्हाला काहीतरी होतंय.” पिल्लाची हाकही अशीच बारीक, उंच असते. काकूंचं निदान बरोबर असावं. सरांना ते आवडलं नाही. पंचाच्या तोंडावर कुणी हात ठेवत नाही.

यंदा दिवाळीनंतर काकूंनी ‘साखर संपली’ म्हटलं की सर ‘भाकर कशी संपली?’ म्हणू लागले. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. आलेखाची रेघ उंच आवाजांकडे जाता जाता घसरगुंडीसारखी खाली गेली होती. “कामाच्या ठिकाणी फार आवाज असायचा का?” डॉक्टरांनी विचारलं. “असायचा,” सर ताठ बसून म्हणाले, “माझाच.”

कानात यंत्र आलं. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा सर आरामखुर्चीत रेलून पेपर वाचत होते. मान मागे टेकली की यंत्राची रबरी टोपी जराशी सरकते, कानातला आवाज बाहेर सांडतो, यंत्र तोच पुन्हा आत घेतं आणि शिट्टी सुरू होते. बारीक, एकसुरी, न थांबणारी. मला दारातच ऐकू आली. सरांना त्या पट्टीतलं काही ऐकू येत नाही.

मनीषा परसातून आली. खुर्चीच्या हातावर चढली, तिथून खांद्यावर. सरांचा कान हुंगला, मग त्यावर पंजा ठेवून, डोळे किलकिले करून बसली.

“बघितलंस?” सर अगदी हळू म्हणाले, ती उठू नये म्हणून. “शिट्टीला हातही लावला नाही. आठ दिवस रोज येते. आता अंगात भिनली शिस्त.”

मी काकूंकडे पाहिलं. टोपीचं माप बदलून आणलं की ही शिट्टी बंद होईल, असं दुकानातल्या मुलाने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि चहाचं आधण चढवायला आत गेल्या.

सरांनी मान न हलवता टेबलावरची वही ओढली, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि तारखेपुढे ठसठशीत ‘ह’ लिहिला.