राबाचा धूर, गाडीचा धूर

भंडारदऱ्याकडच्या महादेव कोळ्याला भाताचं रोप हवं, तर आधी राब भाजावा लागतो. वाफ्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पाला, गवत, वर मातीचा थर आणि मग काडी. तण मरतं, राख मुरते, पावसाला रोप तरारतं. पण ऐनाची फांदी तोडली की शेती संपते, गुन्हा सुरू होतो. इंग्रजांनाही राबाची भारी धास्ती. ठाणे-कुलाब्यासाठी त्यांनी थेट आयोग बसवला, अहवाल १८८७ चा. पुढे १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं आणि गावं जंगलात गेली. (गावं होती तिथंच होती हो, हद्दच चालत आली.)

आता त्याच अभयारण्यात, पावसाच्या तोंडावर, काजवे बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. हेडलाइट लावून अंधार शोधायचा! नाक्यावर पावती फाडली की निसर्गाला काही त्रास होत नाही. तो होतो कोळ्याच्या बायकोनं डोक्यावरून पाल्याचा भारा आणला की. भाऱ्याची पावती अजून छापलेली नाही ना.