प्रवेश मोफत, परवानगी अलाहिदा

जामबागेत जागतिक चित्रपटांचा महोत्सव भरवायला हवा आणि तो मोफतच हवा, असं आमचं ठाम मत झालं आहे. हैदराबादच्या बाकी सगळ्या दिशांना सिनेमानं काही ना काही दिलं. शहराबाहेर रामोजी फिल्म सिटी आहे, जगातला सर्वांत मोठा स्टुडिओ म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंदलेली. आरटीसी चौरस्त्यावर नायकाच्या कटआउटला दुधाचा अभिषेक होतो. नेकलेस रोडला प्रसाद्सच्या दारात शुक्रवारी पहिल्या खेळातून बाहेर पडणाऱ्या माणसापुढे दहा माइक येतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तो समीक्षक झालेला असतो. जामबागेच्या वाट्याला काय आलं? कोठीकडून तुंबत आलेली वाहतूक आणि हारफुलं.

हारफुलांकडे दुर्लक्ष करू नये. घाऊक फुलबाजार गुडीमलकापूरला गेला, पण हारवाले गेले नाहीत. जिथे हार हाताशी, तिथे सत्कार टळत नाही. त्यामुळे आम्ही मनातल्या मनात महोत्सवाची समिती नेमली, तेव्हा तिनं पहिल्या बैठकीत चित्रपटांची यादी न करता सत्कारमूर्तींची यादी केली. समिती काल्पनिक आहे. जामबागेत कोणाला ती ओळखीची वाटली तर आमचा इलाज नाही.

जागेची निवड मात्र योग्यच आहे. या भागात विवेकवर्धिनी उभी आहे. निजामाच्या राज्यात, उर्दूच्या दरबारात, केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईकांच्या पिढीनं इथे मराठी शिक्षणाचा खटाटोप केला. १९३१ साली डॉ. केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही या शहरात भरलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचे मराठी लोक इथेच राहिले. तेव्हापासून कुठलाही कार्यक्रम ‘आपल्या माणसांसाठी’ करायची सवय लागली आहे. जागतिक चित्रपटसुद्धा आपल्या माणसांसाठीच दाखवायचे, एवढी एक अट समितीनं आधीच घालून ठेवली. बाकी जग नंतर.

मोफत म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा संशय येतो. नाटकाला पैसे मोजले असतील तर तो शेवटच्या अंकापर्यंत खुर्चीला चिकटून बसतो, कारण पैसे वसूल व्हायचे असतात. फुकटच्या सिनेमात वसूल करण्यासारखं काही नसतं. पंधराव्या मिनिटाला तो उठतो आणि ‘संथ आहे हो’ असं सगळ्या रांगेला ऐकवून उठतो. खजिनदारांनी यावर उपाय काढला: चहा आणि उपमा मध्यंतरात द्यायचा, आधी नाही. या चित्रपटांना मध्यंतर नसतं, असं कोणीतरी म्हणालं. “मग आपण ठेवू की,” खजिनदार म्हणाले, “तिकडच्या दिग्दर्शकाला सांगायला कोण जातंय?”

भाषेचा प्रश्न त्याहून सोपा. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं धावतात. ती वाचता येणारा प्रत्येक रांगेत एखादा असतोच आणि शेजाऱ्यांना अंधारात ठेवणं त्याच्या स्वभावात नसतं. जामबागेतल्या एका रांगेत मराठी, तेलुगू, दखनी आणि मारवाडी मांडीला मांडी लावून बसतात. पडद्यावरची कोरियन बाई एक वाक्य संपवेपर्यंत त्याची चार भाषांतरं होतात आणि मागून पाचवी शंका येते, “ती त्याची बहीण का बायको?”

खरा कस लागला तो निवडीत. आमच्या समितीत विद्वान कमी नाहीत, त्यामुळे सुरुवातीची यादी भरगच्च होती. अग्रभागी ‘संत तुकाराम’. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, १९३६चा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. यावर आक्षेप कोण घेणार? पण ज्येष्ठ नागरिक विभागाच्या प्रमुखांनी घेतला. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातात, आणि आमच्या सभासदांचं सरासरी वय पाहता तो विषय सध्या नको, असं त्यांनी नम्रपणे सुचवलं. चित्रपट राखीव यादीत गेला.

मग ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१४ साली व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले, पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळालं. समितीतले वकील म्हणाले, “एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला होतो आणि नुसत्या तारखा पडत राहतात. आपल्या निम्म्या सभासदांचे जमिनीचे दावे चालू आहेत. दोन घटका करमणुकीला आलेल्या माणसाला पुन्हा तारीख कशाला?” हे सगळ्यांना पटलं. वकिलांना तर फारच पटलं.

‘सैराट’वर आशा होती. बर्लिनला दाखवलेला, आणि त्यातली आर्ची आणि परश्या गाव सोडून पळतात ते थेट आपल्या हैदराबादला. मराठी सिनेमानं या शहराला इतकी मोठी भूमिका क्वचितच दिली असेल. समितीलाही आधी अभिमान वाटला. नंतर एक काकू म्हणाल्या, “हौ, पण पळून जायचं तर हैदराबादला जा, असा निरोप नाही का जाणार? आमच्या वरच्या मजल्यावर आधीच एक जोडपं भाड्यानं आलंय, कोणाशी बोलत नाहीत.” अभिमान तिथेच आवरता घेण्यात आला.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’नं २०२५ साली अमेरिकेत सनडान्सला परदेशी कथापटांतला सर्वोच्च पुरस्कार मिळवला. मराठी चित्रपटानं तिथे असं यश कधी पाहिलं नव्हतं. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळं, हे कळल्यावर समितीत उत्साह संचारला. ती मधुमेहाला चांगली म्हणतात, तर जोडून एका वैद्यांचं व्याख्यान ठेवावं अशी सूचनाही आली. मग कोणीतरी सांगितलं की गोष्ट दोन पुरुषांच्या प्रेमाची आहे. अध्यक्षांनी पंखा वाढवायला सांगितला. व्याख्यान कायम राहिलं.

परदेशी विभाग झटपट आटोपला. डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ १९५२ साली मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला आणि बिमल रॉय यांना ‘दो बिघा जमीन’ची वाट त्यातून सापडली, इतकं सांगून झाल्यावर सचिव म्हणाले की कोठीत रोज स्कूटर चोरीला जातात, त्यावर कोणी महोत्सव भरवत नाही. इराणी चित्रपटांच्या वेळी तर चहाचीच आठवण निघाली आणि बैठक अर्धा तास तहकूब झाली.

एवढं होऊनही चार-दोन नावं यादीत तग धरून होती. मग परवानगीचा विषय निघाला.

मोफत महोत्सवाचं गुपित असं आहे की तिकीट नसलं म्हणजे दार उघडं असतं असं नाही. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्राशिवाय चित्रपट लोकांना दाखवता येत नाही. परदेशातून आलेल्या, विकायला न काढलेल्या चित्रपटाला प्रमाणपत्र कुठून असणार? म्हणून कलम ९ आहे. त्याखाली केंद्र सरकार सूट देतं. त्यासाठी आधी यादी पाठवायची, प्रत्येक चित्रपटाचा सारांश द्यायचा, आणि सूट मिळाली तरी ती नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरती. म्हणजे रस्त्यावरून जाणारा हारवाला ‘चला, थोडं बसू’ म्हणून आत आला तर तो कायद्याच्या दृष्टीनं जनता ठरतो. जनतेसाठी भरवलेल्या महोत्सवात जनता शिरू नये, याची काळजी समितीलाच घ्यावी लागते.

आणि सूट देणाराच सूट काढूनही घेतो. २०१७ साली गोव्याच्या इफ्फी महोत्सवात परीक्षकांनी रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट इंडियन पॅनोरमाच्या उद्घाटनासाठी निवडला. मंत्रालयानं तो यादीतून काढला. परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष राजीनामा देऊन मोकळे झाले. सरकारच्या महोत्सवात सरकारनं नेमलेल्या परीक्षकांनी निवडलेला चित्रपट सरकारला चालला नाही, तर जामबागेच्या समितीनं निवडलेला चालेल, या भ्रमात राहण्याएवढे आमचे सचिव भोळे नाहीत. त्यांनी चित्रपटाचं नाव इतिवृत्तात लिहितानासुद्धा नुसतं ‘न’ लिहिलं.

या बाबतीत आमच्या शहराची परंपरा जुनी आहे आणि तिचा आम्हांला रास्त अभिमान आहे. बंगालचे धीरेंद्रनाथ गांगुली १९२०च्या दशकात निजामाच्या आश्रयानं इथे आले, लोटस फिल्म कंपनी काढली, मूकपट बनवले, थिएटरं चालवली. हैदराबादेतली पहिली चित्रपट कंपनी ती. १९२४ साली त्यांनी ‘रझिया बेगम’ लावला. त्यात सुलताना रझियाचं एका हिंदूवर प्रेम. निजाम रुष्ट झाले आणि गांगुलींना हैदराबाद सोडावं लागलं. ते कलकत्त्याला परतले, पुढे त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. शहरातून हाकललेल्या माणसाला देशानं हार घातला. आमच्या समितीला यातला फक्त हाराचा भाग भावला.

मग बरोबर शंभर वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, सैनिकपुरीतल्या एका छोट्या उपाहारगृहात काही सिनेमावेड्यांनी आनंद पटवर्धन यांचा ‘राम के नाम’ लावला. हा माहितीपट १९९२चा. सेन्सॉरचं ‘यू’ प्रमाणपत्र असलेला, म्हणजे लहान मुलांनीही पाहावा असा. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. न्यायालयाच्या आदेशानंतर दूरदर्शनवरही दाखवून झालेला. एक तक्रार आली, पोलीस आले, खेळ मध्येच थांबला आणि आयोजकांपैकी तिघांना अटक झाली. प्रमाणपत्र नसलं तर कायदा आडवा येतो हे समजण्यासारखं आहे. प्रमाणपत्र असलं तर काय आडवं येतं, याचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते समितीला अजून कळलेलं नाही. शतकभरात प्रगती मात्र झाली, हे मान्य करायला हवं. १९२४ साली एक चित्रपट बंद पाडायला खुद्द निजामाला रुष्ट व्हावं लागलं होतं. आता ते काम कोणीही फावल्या वेळात करू शकतो. यालाच सत्तेचं विकेंद्रीकरण म्हणतात.

मुंबईकरांना हे असलं शहाणपण शिकायला वेळ लागला. मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवात फक्त भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र मागितलं गेलं, तेव्हा माहितीपटवाले उठले. अट मागे गेली, पण बरेच चित्रपटही निवडीत मागे राहिले. मग फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाचा आपला महोत्सव भरवला. प्रवेश मोफत. ना दिवा, ना मंत्री, ना शाल. एकामागून एक चित्रपट लावले आणि लोक भिंतीला टेकून पाहत राहिले म्हणे. हा वृत्तांत ऐकून आमचे कार्याध्यक्ष अस्वस्थ झाले. सत्काराशिवाय पार पडलेल्या कार्यक्रमाला महोत्सव म्हणता येईल का, हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

मुलांचे चित्रपट दाखवू, त्यात काय धोका, असाही एक तोडगा आला. त्याचीही परंपरा इथे आहे. बालचित्रपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, सोनेरी हत्तीचा, वर्षाआड नोव्हेंबरात हैदराबादेत भरायचा. शाळांच्या बसगाड्या भरून मुलं यायची, प्रवेश फुकट, आणि पडद्यावर मंगोलियाचा घोडा दिसला की सगळं सभागृह एका सुरात ओरडायचं. २०१७ साली विसावा भरला. पुढे २०२२ साली तो भरवणारी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं म्हणतात. इथे शेपूटही फायलीत गेलं. तरीही मुलांचा विभाग ठेवायचं ठरलं. त्यात मुलं समूहगीत म्हणतील.

आता महोत्सवाची रूपरेषा पुरती निश्चित झाली आहे. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मान्यवरांची मनोगतं आणि सत्कार. दुसऱ्या दिवशी ‘जागतिक चित्रपट आणि आपण’ या विषयावर परिसंवाद. वक्त्यांनी चित्रपट पाहिलेले असणं बंधनकारक नाही. त्याच संध्याकाळी निवडुंगाच्या फळांवर व्याख्यान. तिसऱ्या दिवशी समूहगीत, प्रश्नोत्तरं, उरलेल्यांचे सत्कार आणि उपमा. चित्रपटांची छापील यादी दारात मोफत वाटायची आणि ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी, आपापल्या फोनवर, आपापल्या जबाबदारीवर पाहायचे. पोलिसांचं पत्रही आलं, कुठलाही चित्रपट दाखवणार नसल्यामुळे त्यांची काही हरकत नाही.

शेवटच्या बैठकीच्या इतिवृत्तात एवढीच एक किरकोळ नोंद आहे: एका सभासदांनी ‘पण मग चित्रपट केव्हा?’ अशी पृच्छा केली. सर्वानुमते त्यांचं नाव सत्कारमूर्तींत घालण्यात आलं.